टिटवी, जशी आहे तशी

बसा, बसा. चहा व्हायला वेळ आहे, तोवर मी माझ्याच अब्रूचा पंचनामा तुमच्यापुढं मांडतो. माझ्या हातून आयुष्यात चुका तशा कमीच झाल्या. हसू नका हो! खरंच कमी झाल्या. पण जी एक झाली ना, ती एवढी दांडगी झाली, की बाकीच्या चुकांना पुन्हा तोंड वर काढायची हिंमतच झाली नाही.

आधी मला एक सांगा. तुमच्याकडं पाहुणा यायचाय. त्यानं फोनवर बजावलं, "हे बघा, आमच्यासाठी काही करू नका." तर तुम्ही काय करता?

काहीच करत नाही? मग तुम्ही आमच्या बीडकडचे नाहीत!

आमच्याकडं पाहुणा 'काही करू नका' म्हणाला की डाळ शिजत टाकायची. 'अजिबात काही करू नका' म्हणाला की पुरण वाटायला घ्यायचं. आणि 'तुम्हाला माझी शपथ' म्हणाला, की कोंबडा धरायला पोरं पळवायची. आमचे धाकटे मेव्हणे एकदा असंच म्हणाले, आणि आमच्या मंडळींनी भावाचा शब्द खरा मानून त्यांना पिठलं-भाकरी वाढली. त्या माणसानं पुढं कितीतरी दिवाळ्या आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का. पाहुण्याच्या तोंडावर जायचं नाही, त्याच्या मनात काय आहे ते बघायचं.

हा नियम ध्यानात ठेवा. सगळं रामायण त्याच्यावरच घडलंय.

मी तेव्हा आमच्या गावच्या दूध संस्थेचा चेअरमन होतो. आमचं गाव उमापूरच्या अंगाला. त्या साली पावसानं अशी पाठ फिरवली, की तलावाच्या तळाला पोरं क्रिकेट खेळायची. संस्थेनं माळावर चारा छावणी काढली होती. आता छावणी चालवणं म्हणजे काय असतं, ते चालवणाऱ्यालाच माहीत. पण मी चालवली, आणि उत्तम चालवली. ऊस वेळेवर, पेंड वेळेवर, जनावरांचा डॉक्टर वेळेवर. एकाच गोष्टीनं माझ्या नाकात दम आणला होता, ती म्हणजे पाणी.

पाणी टँकरनं यायचं. पण टँकरवाल्याला पुढची गावं गाठायची असायची. तो यायचा आणि इंजिन चालू ठेवूनच म्हणायचा, "चेअरमन, जेवढं मावंल तेवढं तुमचं. राह्यलेलं घिऊन मी चाललो." आणि मावणार कशात? एक सिमेंटचा हौद होता, तो मधोमध तडकलेला. पाणी दारात येऊन परत जायचं आणि जनावरं त्याच्या मागं हंबरत बघत राहायची.

तेव्हा मला होडी आठवली.

दुष्काळात होडी कुठून आली म्हणता? सांगतो. फार पूर्वी आमच्या तलावावर पाटबंधाऱ्याचे एक साहेब होते. त्यांना रविवारी शीड लावून तलावात फिरायचा नाद. बदली झाली तेव्हा ते होडी इथंच सोडून गेले. पुढं तलाव आटला, आणि होडी संस्थेच्या गोदामामागं पडून राहिली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. मी ती बैलांनी ओढून छावणीत आणली, दोन्ही बाजूंनी मुरूम लावून बसवली आणि टँकरचा पाइप तिच्यात सोडला. पहिले काही दिवस धो धो गळली. मग लाकूड फुगलं, सांधे आवळले, आणि होडीनं पाणी धरलं!

सगळ्या जगात होडी पाण्यात असते. आमच्याकडं पाणी होडीत होतं. दोन्ही अंगांनी म्हशी ओळीनं उभ्या राहायच्या, आणि मी मधे कमरेवर हात ठेवून.

एका पेपरवाल्यानं नेमका तो फोटो काढला आणि छापला. माझा अर्धा चेहरा म्हशीच्या शिंगामागं गेला होता, ते सोडा. पण चार दिवसांनी मला फोन आला.

"नमस्कार. मी मुंबईहून कामत बोलतेय. त्या फोटोतली बोट अजून आहे का तुमच्याकडे?"

"हाय की. कावून वो ताई?"

"तिच्या टोकाला, आतल्या बाजूला, डाग देऊन एक छोटा पक्षी काढलाय का? बघता का जरा?"

मी फोन कानाला लावूनच गेलो. दोन म्हशी बाजूला सारल्या, पाण्यात हात घातला, शेवाळ खरवडलं. आणि खरंच की! लांब पायांची, बोटाएवढी टिटवी. तापल्या सळईनं लाकडात डागलेली.

"हाय ताई. टिटवी हाय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. बाई रडत होती हो! आमच्या म्हशींच्या हौदासाठी!

मग तिनं मला सगळं सांगितलं. कोकणातल्या एका बंदरात एक मिस्त्री होता. तो या जातीच्या शिडाच्या होड्या बांधायचा. प्रत्येक होडीवर टिटवी डागायचा, म्हणून त्या होड्यांचं नाव टिटवी. मिस्त्री गेला, त्याच्या हातच्या थोड्याच होड्या उरल्या. ज्यांच्याकडं त्या आहेत ते स्वतःला टिटवीवाले म्हणवतात. दरवर्षी पुण्याकडच्या एका तलावावर जमतात. प्रत्येक होडीच्या शिडावर नंबर असतो, आणि कुठल्या नंबरची होडी कुठं आहे हे त्यांना तोंडपाठ. फक्त सतरा नंबर हरवलेला होता. आमच्या म्हशी सतरा नंबरमध्ये पाणी पीत होत्या!

मी विचारलं, "ताई, ही होडी लई जोरात पळती का?"

"छे हो. फार हळू जाते."

"मंग दणकट असंल."

"कसली दणकट! सारखी गळते. वारा जरा जास्त झाला की उलटते."

"मंग तिच्यात हाय तरी काय?"

"म्हणजे काय?" बाई चक्क चिडल्या. "टिटवी आहे ती!"

यावर काय बोलणार? त्यांच्यातल्या एकानं म्हणे राहता फ्लॅट विकला, पण टिटवी विकली नाही. आता टिटवी मित्राच्या शेडमध्ये आणि हा भाड्याच्या खोलीत. दोन सख्खे भाऊ टिटवीला वॉर्निश द्यावं की नुसतं तेल, यावरून बोलेनासे झालेले. तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. मला नाही वाटला. आमच्या वडिलांचा एक बैल होता. मारका, खादाड, औताला जुंपला की फतकल मारून बसणारा. पण त्याला विकायचं नाव काढलं की वडील ताटावरून उठायचे. तेव्हा मला ही जात माहीत होती.

कामतताई म्हणाल्या, "चेअरमनसाहेब, ही बोट आम्हाला द्या. त्या बदल्यात तुमच्या जनावरांसाठी काय हवं ते मागा."

मी एका दमात सांगितलं, "टाक्या! मोठ्या टाक्या द्या, खाली नळाच्या. म्हणजे टँकर आला की सगळा रिकामा करून घेतो."

"दिल्या," बाई म्हणाल्या. "रविवारी आम्ही बोट न्यायला येतो, तेव्हा टाक्यांचं पक्कं करू. फक्त एक विनंती आहे. तिला काही करू नका. अजिबात काही करू नका. जशी आहे तशी राहू दे."

आता तुम्हीच सांगा! नुसतं 'काही करू नका' नव्हे. 'अजिबात काही करू नका'! म्हणजे थेट पुरणपोळीचं प्रकरण!

घरी येऊन मी मंडळींना म्हणालो, "सुमन, रविवारी मुंबईचे पाहुणे हायेत. होडी अशी नटवतो, की बघणाराचे डोळे दिपले पायजेत."

सुमन भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "पण त्या बाईनं काही करू नका म्हणलंय ना?"

"पाहुणं तसंच म्हणत असतंय."

"अवो, पण ती खाण्याचं न्हाई, होडीचं म्हणली."

"तुला न्हाई कळायचं," मी म्हणालो. "बैल दाखवायला काढायचा तर शेणानं भरलेला काढती का? शिंगं तासतो, तेल लावतो, रंगवतो. तवा कुठं समोरचा म्हणतो, व्वा!"

सुमननं भाकरी तव्यावर टाकली. तिचं न बोलणं मी तेव्हा होकार समजलो. लग्नाला इतकी वर्षं होऊनही!

दुसऱ्या दिवशी होडी रिकामी केली. रविवारपर्यंत जनावरांना पाणी पाजायला गुऱ्हाळातल्या रस आटवायच्या काहिली आणल्या. मालक म्हणाला, रविवारी संध्याकाळी परत पाहिजेत. म्हणलं, नेऊन टाक, रविवारनंतर आमच्याकडं टाक्याच टाक्या! मग शकील पेंटरला बोलावलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं घासायचं मशीन लावलं आणि आतून-बाहेरून होडी अशी घासली, की लाकडाचा पांढरा भुगा माळभर उडाला. टोकापाशी आला आणि थांबला.

"चेअरमनसाब, ह्या चिमणीचं काय करू?"

"चिमणी न्हाई बे, टिटवी हाय. तिच्यावर तर पाहुण्यांचा लई जीव हाय."

"मंग ठिवू?"

आता इथं एखादा साधा माणूस 'ठेव' म्हणाला असता. पण मी पडलो चेअरमन. मी म्हणालो, "एवढीशी काय ठिवतो? घासून टाक आन् तिच्या जागी मोठी काढ. चांगली रंगीत. दोन्ही अंगांनी!"

शकीलनं मशीन फिरवलं. टिटवी भुग्यात गेली. दुसऱ्या दिवशी बघतो तर होडीच्या दोन्ही अंगांना हातभर पिसारा फुलवलेले दोन मोर!

"शकीलभाई, ही टिटवी हाय?"

"साब, आता काय सांगू. टिटवीच काढाया बसलतो. पन हाताला मोरच बसलाय."

मोर सुंदर होते, मी खोटं बोलणार नाही. खाली निळा ऑइलपेंट, वर पिवळी कड, मागच्या बाजूला 'आपला शुभेच्छुक' आणि माझं नाव. तेवढं तर पाहिजेच ना?

राहिलं शीड. ते गोदामात सापडलं. पिवळं पडलेलं, ठिगळं लावलेलं, मधोमध सतराचा आकडा. पाहुण्यांपुढं फाटकं शीड ठेवणार? माझं डोकं बघा कसं चालतं. शिंप्याला बोलावून त्या शिडाच्या दोन झुली शिवून घेतल्या, होडी ओढणाऱ्या बैलांसाठी. झालर लावली, आरसे लावले. सतराचा एक एका बैलाच्या पाठीवर आला आणि सात दुसऱ्याच्या.

संस्थेचा सेक्रेटरी नामदेव तेवढा कुरकुरत होता. "चेअरमन, होडी चार दीस उन्हात कोरडी पडलीय. लाकूड वाळलंय."

"वाळू दे की. रंग पक्का बसतोय."

रविवार उजाडला. चकलांब्याहून हलगीवाले आणले होते. फेटे होते, कमान होती, कमानीवर 'टिटवीप्रेमींचे सहर्ष स्वागत'. होडी नव्या नवरीसारखी मांडवात. दोन्ही बाजूंना झुली घातलेले बैल. गाव झाडून लोटलं होतं.

गाडी आली. मागं होडी न्यायला चाकांचा सांगाडा जोडलेला. कामतताई उतरल्या. साठीच्या, बारीक चणीच्या, उन्हानं रापलेल्या, डोक्यावर टोपी. बरोबर सबनीस नावाचे एक उंच, दाढीवाले गृहस्थ. या सबनीसांनी उतरल्या उतरल्या काय करावं? पायातल्या चपला काढून गाडीपाशी ठेवल्या. देवळात निघाल्यासारखे अनवाणी! आमचा माळ, वैशाखातला मुरूम. बिचारे चटके बसून उड्या मारत येत होते, पण चपला घालेनात. माझी छाती फुगली. म्हणलं, याला म्हणतात भक्ती.

कामतताई होडीपुढं येऊन उभ्या राहिल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"बोट कुठे आहे?"

"हे काय ताई! समोरच!"

ताई हळूहळू होडीभोवती फिरल्या. टोकापाशी वाकल्या, आत हात घातला, जिथं टिटवी होती तिथून बोट फिरवलं. मग मोराकडं बघितलं. मग बैलाकडं. बैलाच्या पाठीवरचा सात बघितला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मी नामदेवला कोपर मारलं. "बघ, आनंदाश्रू!" आणि हलगीवाल्याला खूण केली, वाढव!

हलगी कडाडली. सबनीस होडीच्या कडेला कपाळ टेकवून उभे होते. त्यांना वाटलं असेल आता एकांत मिळेल. मी मागून जाऊन त्यांना फेटा बांधला. ते थरथरत होते. मी म्हणलं, भावना अनावर झाल्यात. कडेला सकाळीच दिलेला निळ्याचा शेवटचा हात अजून ओला होता, तो त्यांच्या कपाळाला लागला, पण फेट्याखाली झाकून गेला.

आणि मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. टँकर तयारच ठेवला होता. माइकवरून जाहीर केलं, "आता आपल्यासमोर ही टिटवी पुन्हा पाण्यानं भरून येईल! सोडा पाणी!"

सोडलं.

होडी अर्धी भरली असेल. आधी टोकापाशी एक धार लागली. मग मधून दोन. मग पाठीमागून, माझ्या नावातून. बघता बघता चहूबाजूंनी कारंजी! चार दिवस उन्हात वाळलेलं लाकूड ते, प्रत्येक सांधा उघडा पडलेला. जेवढं वरून ओतावं तेवढं खालून बाहेर. पाण्याचा वास लागला आणि छावणीतल्या म्हशींनी दावी तोडली. कमान गेली. फेट्यांचं टेबल गेलं. झुलीवाले बैल एकमेकांशी ठरवल्यासारखे दोन दिशांना पळाले. हलगीवाले मांडवाच्या खांबावर. म्हशी होडीला चारी बाजूंनी भिडून धारा चाटायला लागल्या, आणि ओला ऑइलपेंट त्यांच्या तोंडाला. निळ्या नाकाच्या म्हशी बघितल्यात कधी? मी बघितल्यात.

टँकर रिकामा झाला. मुरमानं पाणी पिऊन टाकलं. हलगी थांबली.

त्या शांततेत कामतताई माझ्याकडं आल्या. आवाज अगदी खालचा. "मी तुम्हाला म्हणाले होते, काही करू नका."

"म्हणूनच तर केलं, ताई!"

खरं सांगतो, हे वाक्य तोंडातून पडलं आणि मला माझंच ऐकू आलं. समोर बाई रडतेय, आणि तो आनंद नाही. एवढ्या वेळात पहिल्यांदाच माझ्या डोक्यात उजेड पडला.

सबनीसांनी फेटा काढला. कपाळ निळंशार. ते म्हणाले, "यांनी घासला तो जुना रंग मिस्त्रींच्या हातचा होता. पाणी भरून ठेवलं होतं म्हणून फळ्या पुन्हा फुगून सांधल्या होत्या, त्याही यांनी वाळवल्या. कामत, आपलं ठरलं होतं ते जशी आहे तशी बोटीचं. चला."

ते चपलांकडं निघाले. म्हणजे टाक्या गेल्या. नामदेव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चेअरमन, काहिली नेयाला माणूस आलाय. उद्या जनावरं पाणी कशात पेतील?"

इतकी वर्षं सभा चालवल्या, विरोधकांच्या प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तरं दिली, पण त्या साध्या प्रश्नावर मी नुसता डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. म्हशी ओल्या मुरमाला जीभ लावत होत्या.

कामतताई औषधाच्या तंबूच्या सावलीत जाऊन खांबाला टेकल्या. त्यांचं डोकं चालत नव्हतं, हात नुसताच खांबावरून फिरत होता. फिरता फिरता तो थांबला. त्या वळल्या. खाली वाकल्या. आणि एकदम ओरडल्या, "सबनीस!"

तो तंबूचा खांब म्हणजे होडीची डोलकाठी होती! छावणी सुरू झाली तेव्हा कुणीतरी ती तिथं रोवली, वर भोंगा बांधला, आणि मी ती साफ विसरून गेलो होतो. बुडाशी, मातीच्या वर चार बोटं, तापल्या सळईनं डागलेली टिटवी. लांब पायांची. जशीच्या तशी.

"हिला काय केलंत?" ताईंनी भीत भीत विचारलं.

"काही न्हाई, ताई," मी म्हणालो. "खरंच काही न्हाई. ध्यानातच न्हाई राह्यलं."

ताईंनी त्या काठीला मिठीच मारली. सबनीसही आले, अनवाणीच. त्या अख्ख्या कारभारात माझ्या हातून एकच काम नीट झालं होतं, ते म्हणजे जे मी विसरलो होतो.

ताईंनी डोळे पुसले आणि म्हशींकडं बघितलं. सबनीस म्हणाले, "डोलकाठी घेऊ, बोटही घेऊ. पण टाक्यांचं आता काही बंधन नाही आपल्यावर."

"टाक्या येतील," ताई म्हणाल्या. "बोट यांनी बिघडवलीय, जनावरांनी नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि टाक्या येईपर्यंत... जाऊ दे. तुम्ही काहीही करा." पहिल्यांदाच त्या बाईला आमची भाषा जमली होती. मी अर्थातच काहीही केलं नाही.

त्याच संध्याकाळी होडी, डोलकाठी आणि झुली सांगाड्यावर चढून गेल्या, मी फक्त काहिली न्यायला आलेल्या माणसापुढं हात जोडून त्या थोड्या दिवसांसाठी मागून घेतल्या, आणि आठवड्यात टाक्या आल्या. काळ्या, मोठ्या, खाली नळ, पुढं जनावरांना प्यायला लांबलचक पन्हाळी. टँकर पहिल्यांदा पूर्ण रिकामा होऊन गेला तेव्हा बाया-माणसांनी टाळ्या वाजवल्या. फक्त प्रत्येक टाकीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरात लिहून आलं होतं: 'जशी आहे तशी राहू द्यावी. चेअरमनसाहेबांनी रंग देऊ नये.' अख्खी छावणी ते रोज वाचायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शकील वाचून दाखवायचा.

पाऊस पडला, छावणी उठली. दिवाळीनंतर कामतताईंचा फोन आला. सतरा नंबर दुरुस्त झाली होती. टिटवीवाल्यांचा मेळा होता आणि आम्हा दोघांना आग्रहाचं बोलावणं होतं.

मी विरघळलो. म्हणालो, "ताई, येतो. पण आमच्यासाठी काही करू नका बरं का. अजिबात काही करू नका!"

पहाटेच निघालो. सुमन काहीतरी बांधून घेत होती. मी म्हणालो, "माझ्यासाठी काही घिऊ नको. एवढी मोठी माणसं, चार पक्वान्नं तरी असतीलच. पोट रिकामं पायजे." वाटेत चहासुद्धा घेतला नाही.

तलावावर पोचलो तर काय सांगू! पाण्यावर टिटव्याच टिटव्या, पांढरी शिडं. सतरा नंबरचं शीड पुन्हा शिवलेलं होतं, झुलीच्या आरशांसकट. आणि एक मोर तसाच ठेवलेला! सबनीस म्हणाले, "आता तो तिच्या इतिहासाचा भाग आहे, काढता येणार नाही." दोघा-तिघांनी तर आपापल्या टिटवीवर मोर काढायचा विचार चालवला होता, आणि त्यावरून त्यांच्यात दोन तटही पडले होते. माझी छाती पुन्हा फुगली. मला सतरा नंबरमध्ये बसवून तलावात फिरवलं. हळू जाते, गळते, सगळं खरं. पण वारा शिडात भरला ना, तेव्हा मलासुद्धा वाटलं, टिटवी आहे बाबा ही!

दुपार झाली. सगळ्यांनी आपापले डबे काढले. माणशी एक डबा, मोजका. मी हात धुऊन, नॅपकिन खांद्यावर टाकून बसलो होतो. कामतताई हसत हसत आल्या.

"चेअरमनसाहेब, तुम्ही म्हणाला होतात तसंच केलंय. तुमच्यासाठी अजिबात काही केलेलं नाही! माणसाचा शब्द जसा आहे तसा पाळावा, नाही का?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शेजारी सुमननं पिशवी उघडली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वर कांदा. एक घास तोंडात घातला आणि तळ्याकडं बघत निवांत चावत बसली.

मी हळूच म्हणालो, "दे की एक."

"अवो, एकीपुरतंच बांधलंय. तुमीच म्हणलते ना, माझ्यासाठी काही घिऊ नको?" दुसरा घास मोडत ती म्हणाली, "मी आपलं जसं हाय तसं ऐकलं."

हं, आला चहा. घ्या, घ्या. आणि उगीच नको-बिको म्हणू नका, आमच्या घरात आता ते खरं मानतात.